वर्णपटाची खोली

४ मार्च

पोहोचले एकदाची. शेवटच्या वळणावर टॅक्सीवाल्याने गाडी हळू करून पुढे बोट दाखवलं, तर डोंगराच्या माथ्यावर तो पांढरा घुमट, ऊन खात बसलेल्या भल्यामोठ्या अंड्यासारखा. मी मोठ्याने हसले. टॅक्सीवाल्याला वाटलं मी त्यालाच हसले. मग पुढचा रस्ता तो फुगून बसला.

या वेधशाळेचं आता संग्रहालय होणार आहे. खालच्या शहराचे दिवे इतके वाढले की मोठ्या दुर्बिणीला अंधुक तारे दिसेनासे झाले. दुर्बीण जागची हलणार नाही. तिच्या जोडीला वापरायची जी जुनी उपकरणं कपाटांत आणि तळघरात धूळ खात पडली आहेत, ती मी साफ करायची, जमतील तेवढी चालू करायची. याच महिन्यात उद्घाटन. बाबा घड्याळजी होते. मी खेळण्यांऐवजी स्प्रिंगा आणि दातेरी चाकं घेऊन वाढले. पण एवढी मोठी घड्याळं पहिल्यांदाच हाताळणार आहे.

राहायला पाहुणेघरातली कोपऱ्यातली खोली. पाहुणेघर मावशींच्या ताब्यात. स्वयंपाक, चाव्या, झाडलोट, सगळं त्याच बघतात. सत्तरी उलटली असेल, पण पाठ ताठ. मला बघून म्हणाल्या, यंत्रं दुरुस्त करायला कोणी दांडगा बाप्या येईल असं वाटलं होतं, दोन माणसांचं रांधून ठेवलंय. म्हटलं, काळजी नको, दोघांचं मी एकटी संपवते. संपवलंही.

६ मार्च

कपाटं उघडली आणि हरखून गेले. दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं पितळी सूक्ष्ममापक, त्याच्या भिंगासमोर कोळ्याच्या जाळ्याचा खराखुरा धागा ताणलेला. इतक्या वर्षांत तुटलेला नाही. माझ्या स्वेटरची मात्र एका हिवाळ्यात चाळण होते.

पण खरा ऐवज घुमटाच्या खाली आहे. दुर्बिणीने गोळा केलेला ताऱ्याचा प्रकाश आरशांवरून वळत वळत इथे उतरायचा, बारीक फटीतून आत शिरायचा आणि त्याचे रंग वेगळे होऊन फोटोच्या काचेवर उमटायचे. अंधुक ताऱ्याच्या एका काचेला ओळीने कित्येक रात्री लागत. तेवढ्या काळात आतलं तापमान केसभर हललं तरी रेघा फिसकटायच्या आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ही खोली कांद्यासारखी बांधली आहे. खोलीत खोली, तिच्यात आणखी एक. सगळ्यात आतलीला इथे ‘पेटी’ म्हणतात. यंत्राच्या बाजूला दोन माणसं जेमतेम उभी राहतील. दार वीतभर जाड, कडेने रबर, आतून हिरव्या लोकरी नमद्याचं अस्तर. बाहेरच्या भिंतीवर तबकडी आहे, तिचा काटा आतलं तापमान दाखवतो, आणि तो अजून चालतो! मी आत थोडा वेळ काम करून बाहेर आले, तर काटा चिमूटभर वर चढलेला. माझ्या अंगाची ऊब त्याने टिपली.

संचालक खूश झाले. पन्नाशीचे, अदबशीर गृहस्थ. म्हणाले, बाई, या यंत्रापासून काही लपून राहत नाही.

९ मार्च

आज संचालकांनी थोरल्या सरांबद्दल सांगितलं. त्यांचे गुरू. ज्या एका काचेमुळे ही वेधशाळा जगाला माहीत झाली, ती सरांनी याच पेटीत घेतली. दुसरीकडे कोणी तरी त्याच ताऱ्याच्या मागे होतं, सरांनी त्यांना गाठून मागे टाकलं. आता नव्वदीला टेकलेत, पण उद्घाटनाला येणार.

सरांच्या हाताखाली एक मिस्त्री होते. यंत्राचा स्क्रू न् स्क्रू त्यांनी बसवलेला. ते घुमटाच्या जिन्यावरून पडून गेले. मावशी त्यांची बायको. नवऱ्यामागे त्यांना इथेच काम दिलं, सरांचा शब्द होता म्हणून.

पेटीच्या दाराला बाहेरून खिट्टी आहे, पण ती आतून उचलायला कडी नाही, हे मी संचालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, आत कोण राहायला जाणार आहे? तरी मी बसवणार. लोक येतील, पोरंटोरं येतील.

१२ मार्च

विचित्र गोष्ट. पेटी काल दुपारपासून बंद, आत कोणी नाही. आज काटा पुन्हा चिमूटभर वर. दिव्याची वायर तपासली, भिंतीपलीकडचे पाइप तपासले. काही नाही. दार उघडलं तर आतल्या मोठ्या आरशावर वाफेचा ठिपका. बशीएवढा. माझ्या डोक्याच्या वर, उंच माणसाच्या तोंडापाशी येईल असा.

पुसला. दमट हवा, दुसरं काय.

१३ मार्च

थोरल्या सरांचा फोन आला होता. आवाज मधाळ. काम कसं चाललंय, जेवणाची आबाळ नाही ना, सगळी चौकशी केली. मग म्हणाले, पेटीच्या दाराचा नमदा बदलू नका, तो मूळचा आहे, मूळचं तसंच राहू दे. मी म्हटलं, कसरीने खाऊन त्याच्या जाळ्या झाल्यात. मग पुन्हा तेच वाक्य, पण आता मध नव्हता.

बाबा म्हणायचे, गिऱ्हाईक जे उघडू नको म्हणतं, ते आधी उघडावं. बिघाड तिथेच असतो.

१४ मार्च

उघडलं.

नमद्याखालचं लाकूड ओरबाडलेलं आहे. हत्याराच्या खुणा मला ओळखता येतात, ही हत्याराची खूण नाही. चार चार रेघा शेजारी शेजारी, छातीपासून गुडघ्यापर्यंत खाली आलेल्या. आधी नमदा फाडून हात घातलाय, मग लाकूड. आणि कोणी तरी नंतर वरून तसलाच हिरवा नमदा नीट चिकटवून टाकलाय. एका रेघेत काही तरी रुतलं होतं. चिमट्याने काढलं. नखाचा तुकडा.

मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि पदराने हात पुसत राहिल्या. हात कोरडे होते.

१५ मार्च

मावशी बोलल्या. सकाळी भाजी निवडता निवडता. आवाज एकदाही चढला नाही.

त्या आठवड्यात सर झोपतच नव्हते. काच पेटीत लावलेली, तीन रात्रींचा प्रकाश तिच्यावर पडलेला, चौथी राहिलेली. संध्याकाळी काही तरी सैल झालं म्हणून मिस्त्री आत गेले. सर वरून आले, दार लोटलं, खिट्टी घातली. आत माणूस आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं असं धरू. पण नंतर ठोकण्याचा आवाज आला. तेव्हा तर कळलंच ना? दार उघडलं असतं तर उजेड शिरून काच तिथेच वाया गेली असती, आतल्या उबेतून कदाचित वाचली असती. तो दुसरा पुढे गेला असता.

“पहाटे तारा मावळला तेव्हा उघडलं,” मावशी म्हणाल्या. “आणि मला निरोप आला की जिन्यावरून पडले. पोरी, अंग मी धुतलंय त्यांचं. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या नखांत हिरवी लोकर कशी येते?”

मी विचारलं, मग इतकी वर्षं इथे का राहिलात, त्यांचं मीठ का खाल्लंत. त्यांनी निवडलेली भाजी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, तेव्हा पोर पदरात होतं, डोक्यावर छप्पर हवं होतं. आता पोर आपापल्या मार्गाला लागलंय. आता मी वाट बघतेय. नव्वदीपर्यंत जगो म्हणून रोज मागणं मागितलं त्याच्यासाठी. अंथरुणात सुखाने जाऊ नये म्हणून.

जेवले नाही.

१७ मार्च

दाराला आतून कडी बसवली. मजबूत, चार स्क्रू. दहादा उघडून बघितली. नवा नमदा लावला, राखाडी. दुपारी गेले तर कडी जमिनीवर, स्क्रू एका रांगेत मांडलेले. चेष्टा कोणी करावी? चावी माझ्याकडे.

पुन्हा बसवली.

राग येतोय मला. सरांचा फोटो वरच्या दालनात लावायचा आहे, तो पुसताना काच माझ्या हातात तडकली. मी एवढी दाबली होती? मी ज्यांना ओळखत नाही अशा माणसासाठी, ज्यांना कधी पाहिलं नाही अशा माणसावर, इतका राग? छातीत कोळसा ठेवल्यासारखं होतं. आणि तळघरातून वर आलं की जरा कमी होतं.

२० मार्च

संचालकांना सगळं दाखवलं. लाकूड, नख. त्यांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. म्हणाले, सुतारकामाच्या खुणा आहेत. म्हातारी बाई मनाने खचलेली आहे. आणि समजा असलं काही, तरी आता उकरून कोणाचं भलं होणार? संस्थेचं नाव आहे. सरांचे शेवटचे दिवस आहेत.

मी म्हटलं, मिस्त्रींचेही होते.

ते म्हणाले, तुम्ही दमलात.

कडी आज परत निघाली. मी सकाळी उठले तेव्हा माझ्या दोन नखांना चिरा होत्या.

२३ मार्च

थोरले सर आले. चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. मला वाटलं होतं राक्षस दिसेल. हडकुळा, गोरा, हसरा म्हातारा. माझे हात हातात घेऊन म्हणाले, कारागिराचे हात. मावशींना म्हणाले, वहिनी, तुमच्या हातची चव अजून जिभेवर आहे. मावशींनी त्यांना वाढलं. पुन्हा पुन्हा आग्रह केला. मऊ मऊ घास कालवून दिले.

मला बघवेना. खाली जाऊन कडी बसवली. शेवटची. स्क्रूंना गोंद लावला. माझं मन स्वच्छ आहे हे मला स्वतःला दाखवायचं होतं.

काटा आज केवढा वर आहे.

२४ मार्च

लिहायलाच हवं. जसं झालं तसं.

उद्घाटन झालं. पाहुणे वर घुमटात दुर्बीण बघत होते, संचालक त्यांच्यासोबत. सरांना खाली पेटीकडे यायचं होतं. मी खुर्ची ढकलत आणली. मावशी मागून आल्या. सर म्हणाले, मला दोन मिनिटं एकट्याला आत जाऊ द्या. खुर्चीतून उठून काठी टेकत गेले. कडी जागेवर होती. मी डोळ्यांनी पाहिली, हात लावून पाहिली.

दार आपोआप फिरलं. ते दार ढकलायला मला दोन्ही हात लागतात. ते हळूहळू, अगदी अदबीने लागलं, आणि खिट्टी पडली.

आधी बोटाने टकटक. सभ्य माणसासारखी. मग तळव्याने. मग काठीने.

माझा हात दांड्यावर होता. खिट्टी वर उचलायची, बस. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून. मला कोणी अडवलं नाही, हे लिहून ठेवते. मला इतकंच वाटलं की ऐकू दे त्याला, आतून कसं ऐकू येतं ते. जरा वेळ. हे माझ्या मनात आलं की कोणी घातलं, देव जाणे. काटा चढत होता. एका माणसाला चढतो त्याहून खूप वर. आत दोघं होते.

आत ते काही तरी बोलत होते. माफी मागत असावेत. माझं नाव घेतलं नाही. मिस्त्रींचं घेतलं.

ठोकणं थांबलं. मग मी उघडलं.

हो. थांबल्यावर.

ते पडले नव्हते. मागच्या भिंतीला चिकटून उभे होते, कोणी तरी छातीने दाबून धरावं तसे. दाराला कडी नव्हती. स्क्रूंची भोकंसुद्धा नव्हती. आणि माझा नमदा राखाडी आहे, पण त्यांच्या नखांत हिरवी लोकर होती.

संचालक धावत आले. डॉक्टरांना बोलावण्याआधी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सरांची नखं एक एक करून पुसली. मी बघत होते. त्यांनीही मला बघताना पाहिलं.

२५ मार्च

डॉक्टरांनी लिहिलं, वृद्धापकाळ, हृदय बंद. सगळे म्हणाले, किती भाग्यवान, कर्मभूमीत मरण आलं.

मला वाटलं होतं मावशी आज हलक्या होतील. स्वयंपाकघरात बसून होत्या, चूल थंड. म्हणाल्या, काटा बघून आलीस? मी पाहिला होता. उतरलेला नाही.

“आमचे हे निवले नाहीत,” मावशी म्हणाल्या. “अजून मी आहे ना.”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, जे त्या दिवशी भाजी निवडताना सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्या डबा घेऊन खाली गेल्या होत्या. ठोकणं त्यांनीही ऐकलं. सर म्हणाले, यंत्राचा आवाज आहे, घरी जा. मावशींना ठाऊक होतं की ते यंत्र नाही. नवऱ्याचा हात बायकोला ओळखू येत नाही का? पण मोठ्या माणसाला खोटं कसं पाडायचं? डबा तिथेच ठेवला आणि परत आल्या. वाटलं, देतील सोडून थोड्या वेळाने.

मावशींनी माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की अंगावर काटा आला. म्हणाल्या, तू तरी उघडायचं होतंस गं पोरी.

२६ मार्च

मावशी गेल्या.

सकाळी दूधवाल्याने पाहिलं. स्वयंपाकघराची दोन्ही दारं सताड उघडी. खिडकी उघडी. वारा इतका की भिंतीवरची भांडी हलत होती. आणि मावशी दाराच्या चौकटीत पडलेल्या, ओठ निळे, तळवे सुजलेले — ठोकून ठोकून सुजावेत तसे. उघड्या दारात ठोकत होत्या. कशावर?

नखं बघितली मी. बघायला नको होती.

संचालकांना सांगितलं, मी जाते, आणि खाली शहरात जाऊन सगळं सांगणार. नख माझ्याकडे आहे. रुमालाचंही सांगणार.

ते शांतपणे म्हणाले, तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात तेही सांगा.

सांगेन.

२७ मार्च

टॅक्सी उद्याची मिळाली. आज नाही म्हणे, कुठलीच नाही. पायी निघाले होते — दुसऱ्या वळणापर्यंत — श्वास पुरेना. उघड्यावर, डोंगरावर, भर वाऱ्यात श्वास पुरेना. परत आले तेव्हा बरं वाटलं. म्हणजे मला इथेच —

आईला फोन केला. काही बोलले नाही. तिने विचारलं, धापा का टाकतेस. म्हटलं, चढ आहे.

मिस्त्री, मी तुमच्या बाजूने होते. ते तुम्हाला कळत नाही का? तुमच्यासाठीच तर मी —

नाही. कोणासाठीही नाही. दांड्यावर हात होता आणि मी उचलला नाही. त्यांना तेवढंच कळतं.

२८ मार्च

बॅग भरली. गाडी येईल आता. दार उघडत नाही.

लाकडी दार आहे साधं. कडी माझ्या बाजूला, काढलेली. तरी नाही.

खिडकी उघडली. झाडं हलताहेत. वारा आत येत नाही. पडदा सरळ लोंबतोय.

आरशावर वाफ. बशीएवढी. माझी नाही, मी इथे आहे —

गाडीचा हॉर्न वाजला. वाजतोय. ओरडले. आवाज फुटत नाही, नुसती हवा, तीही थोडी. ठोकते आहे.

पावलं. जिना चढून. देवा.

संचालकांचा आवाज. बाई, गाडी आली. बाई? मी ठोकलं. दोन्ही हातांनी ठोकलं. ते बोलायचे थांबले. दाराखालच्या फटीत त्यांचे बूट दिसताहेत. हलत नाहीत.

ऐकताहेत. मला माहीत आहे ऐकताहेत. मीही अशीच उभी होते.

ड्रायव्हरला खाली ओरडून सांगितलं — बाई कालच गेल्या, जा तू. गाडी वळल्याचा आवाज.

बूट अजून तिथेच.

बोलता येत नाही म्हणून लिहिते, हे पान फाडून दाराखालून सरकवते — साहेब, उघडा. नख देते. कोणाला सांगणार नाही. माझ्यासाठी नको हो, ऐका, जो ऐकून उघडत नाही त्याला तो — तुमच्यासाठी म्हणते मी, तुमच्याच जिवासा